नाणे आणि त्याची माती

शतकानुशतके मातीखाली राहिलेल्या नाण्यावर दोन लेख असतात: एक टाकसाळीत ठोकलेला, राजाचे नाव आणि मुखवटा मिरविणारा, आणि दुसरा मातीने लिहिलेला, म्हणजे ते नाणे किती खोलीवर, कोणत्या थरात आणि कोणत्या सोबत्यांसह विसावले होते, याचा. पहिला लेख ते हाती धरून केव्हाही वाचता येतो. दुसरा मात्र नाणे जागचे हलताच पुसला जाऊ लागतो, आणि म्हणूनच जुन्या नाण्यांच्या शोधात उत्सुकतेइतकाच संयमही लागतो.

पीक निघून गेल्यावर इंग्लंडच्या उघड्या रानांत मेटल डिटेक्टर घेऊन संथ पावलांनी फिरणारे छांदिष्ट याच शोधात असतात. या यंत्राच्या टोकाशी असलेल्या तारेच्या वेटोळ्यातून बदलता विद्युतप्रवाह वाहतो, त्याच्या चुंबकीय क्षेत्राने मातीतल्या धातूत प्रवाहाचे भोवरे उठतात आणि त्यांची चाहूल यंत्राला लागली की कानाशी सूर उमटतो. चांदीचा सूर लोखंडी खिळ्याच्या सुराहून वेगळा असतो, हे सरावलेला कान ओळखतो. पण त्या सुराखाली कोणते शतक निजले आहे, हे यंत्राला कळत नाही.

सफोक परगण्यातील हॉक्सन गावाजवळ 16 नोव्हेंबर 1992 रोजी एरिक लॉझ हे एका शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधत असताना त्यांना रोमन नाणी लागली. काही नाणी वर काढल्यावर निधीचा आवाका त्यांच्या ध्यानी आला आणि त्यांनी पुढे खणणे थांबवून वर्दी दिली. दुसऱ्याच दिवशी पुरातत्त्वज्ञांनी उरलेला निधी त्याच्या मांडणीसह उचलला. सोने, चांदी आणि कांस्य मिळून 14,865 नाणी, चांदीचे चमचे आणि दागिने तर मिळालेच; शिवाय कुजून गेलेल्या लाकडी पेटीच्या खुणा टिकल्यामुळे तिच्यात काय कोठे ठेवले होते, याचाही अंदाज बांधता आला.

अशा निधीची पारख वजन, धातूचा कस, टाकसाळीची खूण, झीज आणि कड यांवरून होते. हॉक्सनच्या सिलिक्वांच्या, म्हणजे रोमन काळातील लहान चांदीच्या नाण्यांच्या, कडा मोठ्या प्रमाणात कातरलेल्या आहेत, मात्र सम्राटाचा मुखवटा जपलेला आहे. ताज्या चांदीचा ओघ आटलेल्या प्रांताची ओढाताण त्या कातरलेल्या कडांत दिसते. निधीतील सर्वांत उशिराची नाणी इ. स. 407-408 ची असल्याने तो त्यापूर्वी पुरला गेला नव्हता, एवढे निश्चित होते, आणि ब्रिटनमधील रोमन सत्तेचा अस्तकाळ डोळ्यांपुढे उभा राहतो.

महाराष्ट्राच्या मातीनेही अशीच साक्ष दिली आहे. नाशिकजवळील जोगळटेंभी येथे 1906 मध्ये क्षत्रप नहपानाची 13 हजारांहून अधिक चांदीची नाणी एकत्र मिळाली, आणि त्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटविलेला होता. ती सुटी सुटी बाजारात विखुरली असती, तर पराभूत राजाचे चलन विजेत्याने किती मोठ्या प्रमाणावर आपलेसे केले, हे प्रमाण कोणालाही मांडता आले नसते.

भारतात 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे. कायद्याची ही अट इतिहासाचीही गरज आहे. म्हणून नांगराच्या फाळाला किंवा पायाच्या खोदकामात जुने नाणे लागले, तर ते घासूनपुसून लखलखीत करू नये, सराफाकडे नेऊ नये. जागा राखावी, खोदणे थांबवावे आणि वर्दी द्यावी.