धामचे पाणी आणि आमची माय

आमच्या घराच्या भिंतीवर धाम नदीचा एक फोटो आहे. पवनारच्या काळ्या खडकांतून वाहणारे पाणी त्यात दुधाच्या सायीसारखे दिसते. घरी येणारे पाहुणे विचारतात, "हे आपल्या वर्ध्याचंच का हो?" आणि आम्ही सुखावतो. पण हा फोटो मोठा करून प्रथम घरी आणला, तेव्हा आमच्या मायने चष्मा पुसून तो नीट न्याहाळला आणि विचारले, "याच्यात मी कुठी आहो?" त्या प्रश्नाने आम्हाला जे शिकवले, तेच आज सांगायचे आहे.

आम्ही कारकून माणूस. दिवसभर आकडे, संध्याकाळी समाजाची कामे. थकबाकीची रक्कम मिळाली तेव्हा त्यातून एक जुना कॅमेरा घेतला, तेवढाच काय तो आमचा छंद. अशोका विजयादशमीच्या आधी घरोघरी साफसफाई निघते. गोधड्या नळाच्या पाण्यात धुऊन होत नाहीत. माय म्हणाली, "नदीवर चाल ना बापा." म्हणून एका रविवारी सकाळीच ऑटोने पवनार गाठले. पावसाळा सरत आला होता, धामला पाणी चांगले होते. माय, आमच्या सौ. आणि शेजारच्या दोघी कामाला लागल्या. आम्ही मात्र तिपाई रोवून फोटोच्या मागे लागलो.

वाहत्या पाण्याचा असा फोटो म्हणजे एक जमाखर्चाचा मेळच आहे. फोटो उमटायला ठरावीक उजेड लागतो. उजेड कमी सोडला, तर वेळ वाढवून द्यावा लागतो. त्या सकाळी आयएसओ १०० आणि छिद्र एफ ११ ठेवल्यावर एका सेकंदाचा तिसावा भाग पुरत होता. तेवढ्या वेळात पाण्याची साय होत नाही. म्हणून भिंगापुढे एनडी फिल्टर ही काळी काच लावली. ही काच उजेड सुमारे हजारपट कमी करते. मग वेळही हजारपट, म्हणजे जवळपास तीस सेकंद द्यावा लागतो. बटणावरच्या बोटानेही कॅमेरा हलतो, म्हणून टायमर लावून आम्ही बाजूला झालो. त्या तीस सेकंदांत पाणी सतत पुढे सरकते, त्याच्या रेघा एकमेकींत मिसळतात आणि धुके तयार होते. खडक हलत नाही, तो कोरल्यासारखा येतो.

परंतु हलणारा माणूसही पाण्यासारखाच पुसला जातो. आमच्या फोटोत खडकावर वाळत घातलेल्या गोधड्या ठिगळांसकट दिसतात. त्या धुणाऱ्या चौघी वाकत होत्या, आपटत होत्या, पिळत होत्या, ये-जा करत होत्या. त्यांच्या जागी एक फिकट धुराचा पट्टा आहे, इतकेच.

असे पूर्वीही घडले आहे. १८३८ साली लुई दागेर यांनी पॅरिसमधल्या एका वाहत्या रस्त्याचा फोटो घेतला. त्याला काही मिनिटे लागली. रस्त्यावरची माणसे आणि गाड्या सगळ्या पुसल्या गेल्या. बूट पॉलिश करून घेण्यासाठी थांबलेला एक माणूस आणि त्याच्या पायाशी असलेला पॉलिशवाला, एवढ्या दोन आकृत्या ओळखू येतात. माणूस दिसणारा हा सर्वांत जुना ज्ञात फोटो मानतात.

त्या रात्री आम्ही घरखर्चाची वही काढली. साबणाचे पैसे लिहिले होते, ऑटोचे भाडे लिहिले होते. मायच्या दोन तासांच्या कष्टांना त्यात रकानाच नव्हता. बी. कॉम. झालेल्या माणसाला हे कधी खटकले नव्हते. दोष काय फक्त कॅमेऱ्याचा?

पुढच्या रविवारी राहिलेली एक गोधडी घेऊन मायसोबत पुन्हा पवनारला गेलो. म्हटले, "माय, तीस सेकंद हलू नको." ती संकोचली. "कामाच्या जागी उगीच बसाले लाज वाटते बापा," म्हणाली आणि गोधडी उचललीच. मग आम्हीच बदललो. काळी काच काढली, आयएसओ ४०० केला, छिद्र एफ ५.६ आणि वेळ एका सेकंदाचा पाचशेवा भाग. मायने गोधडी आपटली. उडालेला थेंब न थेंब हवेत थांबला, आणि त्यामागे तिचे हात व चेहरा स्पष्ट आला.

आता भिंतीवर दोन्ही फोटो शेजारी-शेजारी आहेत. पाहुणे अजूनही आधी पहिल्याचेच कौतुक करतात. तेव्हा आम्ही त्यांना दुसऱ्याकडे नेतो आणि सांगतो, "त्या फोटोतल्या गोधड्या हिने धुतल्या." आपणही नदीवर जाल तेव्हा पाण्याचा फोटो जरूर घ्या. शेवाळावर पाय जपून टाका. आणि घरी परतण्याआधी, तिथे काम करणाऱ्या आपल्या माणसाचा एक फोटो त्यांना विचारून घ्या.