पयलीं उदक, मागीर उजो

पावसाळा लागला की गोव्यातल्या घराघरांतले गॅस गीझर रुसू लागतात. नळ सोडावा, पेटीतून टक् टक् टक् आवाज यावा आणि ज्योत मात्र लागू नये. कधी तर टकटकसुद्धा नाही. टॉवेल गुंडाळून कुडकुडणाऱ्या माणसाला अशा वेळी एकच उपाय सुचतो, पेटीला एक जोरदार थाप!

आमच्याकडे येणारा दुरुस्तीवाला मात्र पेटीला हातही न लावता म्हणतो, "बाब, पयलीं उदक पळयात, मागीर उजो." त्याच्या एवढ्याशा वाक्यात या यंत्राचे सगळे शास्त्र आहे. पाणी पुरेशा जोराने आले की त्याच्या दाबाने आतला रबरी पडदा हलतो आणि बटण दाबले जाते. मग दीड व्होल्टचे दोन मोठे सेल ठिणगी पाडतात, गॅसची वाट उघडते. ज्योत लागल्याची खूण एका बारीकशा सळईला मिळाली नाही, तर काही सेकंदांत ती वाट पुन्हा बंद होते.

म्हणून टकटक नसेल तर आधी नळाची धार पाहावी. पावसात विहिरीचे पाणी गढूळ होते आणि पाणी आत शिरते तिथली जाळी मातीने भरते. जाळी स्वच्छ असेल तर सेल बदलून पाहावेत. टकटक आहे पण ज्योत नाही, तर सिलिंडर संपला का, रेग्युलेटर नीट उघडला का ते बघावे. नवा सिलिंडर लावल्यावर नळीत हवा असते, तेव्हा नळ दोन-तीनदा बंद-चालू करावा लागतो. पेटून लगेच विझत असेल तर सेल उतरलेले असतात किंवा त्या सळईवर काजळी धरलेली असते. तिथे मात्र जाणकारालाच बोलवावे. आणि गॅसचा वास आला तर ठिणगीचा प्रयोगच नको, विजेचे बटणही दाबू नये. सिलिंडर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात. हा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचून राहतो.

हे सगळे जमते. जमत नाही ती खिडकी. पावसाची झड आत येते म्हणून आई न्हाणीची खिडकी घट्ट लावून घेते. "अरे, वारा लागतो अंगाला," हे तिचे म्हणणे. तिचेही खरे. तिचे अर्धे आयुष्य तांब्याच्या भाणाखाली चुडते आणि सोडणे जाळण्यात गेले. तो धूर डोळ्यांत जायचा, खोकला यायचा, आणि कोणी न सांगताच दार उघडले जायचे. उरलेला धूर कौलांच्या फटींतून निघून जायचा. जुना विस्तव आपले दोष स्वतःच बोलून दाखवीत असे.

नवा विस्तव तसा नाही. बंद खोलीत हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके जड होते, मळमळते, आणि उठून कडी काढावी एवढे त्राणही राहत नाही. आंघोळीला गेलेले माणूस परत आले नाही, अशा बातम्या आपण सर्वांनी वाचल्या आहेत. निळी ज्योत पिवळी दिसू लागली तर ती आधीची सूचना समजावी.

आईला हे मी धुराच्याच भाषेत सांगितले, "हा असा धूर, जो दिसत नाही." ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मग ती पेटी आत कशाला?" आठवड्याभरात पेटी मागच्या पडवीत गेली. आता न्हाणीत फक्त गरम पाण्याची नळी येते, आणि आई खिडकी खुशाल लावून घेते.

तुमच्याकडे पेटी अजून आत असेल, तर ती पेटत नाही म्हणून चिडण्याआधी वर बघा. झरोका उघडा आहे ना?