पंधरा माणसांची सभा

चि. भाच्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

विशेष. गिर्यारोहण मंडळाचे कार्यवाहपद स्वीकारल्याचे पत्र पावले, आनंद झाला. मासिक सभेला जेमतेम पंधरा माणसे येतात, तेव्हा ती बंद करून सारी शक्ती ट्रेकवर खर्चावी, असा विचार त्या पत्रात मांडला आहे. तो अमलात येण्यापूर्वी अशी सभा मुळात कशासाठी भरू लागली, हे पाहणे आवश्यक ठरते.

१५ सप्टेंबर १८८३ रोजी, भायखळ्याच्या ज्या वस्तुसंग्रहालयाला आज डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे तेथे, निसर्गाची ओढ असलेले आठ गृहस्थ एकत्र आले आणि त्यातून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी उभी राहिली. प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी डॉ. आत्माराम पांडुरंग आणि वनस्पतींचे अभ्यासक डॉ. सखाराम अर्जुन हे त्या आठांतले दोघे एतद्देशीय होते. त्यांनी ठरवलेला कार्यक्रम साधा होता: दर महिन्याला भेटावे, आपापली निरीक्षणे एकमेकांस सांगावीत आणि हाती आलेला नमुना, मग ते फुलपाखरू असो, सापाची कात असो वा एखादी फांदी, सर्वांपुढे ठेवावा. पुढे हर्बर्ट फिप्सन या मद्यव्यापाऱ्याने आपल्या कचेरीतली जागा सभेसाठी दिली आणि १८८६ मध्ये संस्थेचे नियतकालिक सुरू झाले. छापील नोंदींची जी परंपरा आज अभ्यासकांना आधारभूत वाटते, तिच्या आधी ही माणसे एका टेबलाभोवती बसत होती, आणि पंधरा ही संख्या त्या आठांच्या जवळजवळ दुप्पट आहे.

अशा सभेची गरज कारवीच्या उदाहरणाने नीट कळते. कारवी हे सह्याद्रीच्या उतारांवर दाट माजणारे झुडूप. ते साधारणपणे सात वर्षे नुसते वाढते, आठव्या वर्षी सारा डोंगर जांभळा करून टाकते आणि बी धरल्यावर वाळून जाते. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात असा बहर २०१६ मध्ये आला आणि त्यानंतर २०२४ मध्ये. दोन बहरांमधल्या काळात मंडळातली निम्मी मुले नोकरीनिमित्त गाव सोडून जातात, संसाराला लागतात, त्यांच्या जागी नवी येतात; त्यामुळे आधीचा बहर कोणत्या सोंडेवर दाट होता आणि कोणत्या खिंडीत विरळ, हे सांगणारे कोणी सभेत नसेल, तर मंडळाला प्रत्येक बहर पहिलाच वाटत राहतो. वाळलेल्या कारवीची एक काठी हातोहात फिरवली, तर तिची फुगीर पेरे बोटांना लागतात, सुकलेल्या बोंडांचे टोकदार कवच दिसते, आणि याच काठ्या उभ्या रचून, शेणमातीने लिंपून कुडाच्या भिंती कशा होतात, हे सांगणारा पाहुणा शेजारी बसलेला असला की वनस्पतीशास्त्र आणि घरबांधणी या दोन गोष्टी वेगळ्या उरत नाहीत.

पाहुणा कोणास म्हणावे, याचाही विचार व्हावा. हिमालयातले शिखर सर करून आलेल्या व्यक्तीचे व्याख्यान अवश्य ठेवावे, मात्र तिला माथ्यावरच्या छायाचित्रांइतकाच वेळ माघारीच्या निर्णयावर बोलण्यास द्यावा, कारण हवामान बिघडल्यावर किती वाजता परत फिरायचे, हे ज्ञान मंडळातल्या प्रत्येकाच्या उपयोगाचे असते. सर्पदंशावर डॉक्टरांना दर पावसाळ्याच्या तोंडावर बोलवावे. जखम कापू नये, करकचून आवळू नये, दंश झालेला अवयव हलवू न देता रुग्णालय गाठावे, एवढे तरी नव्या सभासदांच्या कानी दरवर्षी पडलेच पाहिजे.

परंतु ज्याचे बोलणे सर्वांत आधी ऐकून, लिहून ठेवले पाहिजे, तो पाहुणा घाटाखालच्या वाडीत राहतो. घाटवाट म्हणजे कोकण आणि देश यांना जोडणारी डोंगरातली पायवाट. गाडीरस्ते झाले तशा यांपैकी अनेक वाटांवरची वर्दळ थांबली, पावसाळ्यानंतर त्यांवर कारवी माजली, आणि कित्येक ठिकाणी वाट आता केवळ म्हाताऱ्या वाटाड्याच्या पायांना ठाऊक उरली आहे. नाळेत, म्हणजे दोन कड्यांमधल्या दगडगोट्यांनी भरलेल्या घळीत, कोणत्या अंगाने चढावे, कातळातल्या कोणत्या टाक्याचे पाणी मार्चपर्यंत टिकते, हे नकाशावर सापडत नाही. त्या माणसाला मंचावर उभे करून त्याच्याकडून भाषणाची अपेक्षा धरणे हा त्याच्यावर अन्याय होय. जमिनीवर मोठा नकाशा अंथरावा, त्याला सभासदांमध्ये बसवावे आणि प्रश्न विचारत जावेत, म्हणजे तो बोटाने वाट दाखवत आपोआप बोलू लागतो. इतर वक्त्यांइतकेच मानधन त्यालाही द्यावे आणि प्रवासखर्च आधी हाती ठेवावा.

सभेत ऐकलेले वहीत उतरवण्याचे काम एका सभासदावर सोपवावे. वाटेचे नाव, महिना, पाण्याची स्थिती आणि सांगणाऱ्याचे नाव एवढ्या चार गोष्टी त्यात असाव्यात. व्याख्यान अर्ध्या तासापलीकडे जाऊ नये आणि प्रश्नांना तेवढाच वेळ मिळावा, कारण श्रोत्यांपैकी कोणी त्याच वाटेने गेल्या डिसेंबरात जाऊन आलेला असतो आणि टाके कोरडे होते, हे तोच सांगतो.

येत्या सभेस वाटाड्याला बोलवण्याचे ठरलेच, तर ती सायंकाळी सातऐवजी दुपारी तीनला ठेवावी. त्याच्या वाडीकडे जाणारी शेवटची एसटी त्याला मिळाली पाहिजे.

कळावे, लोभ असावा.

मामा