रंग गेला कुठे?

आमच्या घरात केमिस्ट्री म्हणजे शिफ्ट. फर्स्ट, सेकंड, नाइट. बाबा घणसोलीहून सायकलने ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कंपनीत जायचे आणि त्यांची नाइट असली की दिवसा घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही. आजोबांची भातशेती एमआयडीसीत गेली, त्याच एमआयडीसीत बाबा ऑपरेटर म्हणून चिकटले. रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे इथल्या कितीतरी आगरी-कोळी घरांची हीच कथा आहे. त्या ऑपरेटरची मुलगी आज रसायनशास्त्रात पीएच.डी. करते आहे, आणि शिकण्याचं वय केव्हाच उलटलं असं आळीतल्या निम्म्या काकूंचं मत आहे.

बाबा दहावी शिकलेले. पण ॲजिटेटरचा आवाज जरा बदलला की आतला माल घट्ट होतोय हे त्यांना मीटर बघायच्या आधी कळायचं. वाफेचा वास, गाळलेल्या द्रावणाचा रंग, हाताला लागणारी पाइपची ऊब यांवरून ते बॅचची तब्येत सांगत. हे ज्ञान कुठल्याही पदवीच्या तोलाचं आहे असं मला मनापासून वाटतं. त्याला एकच मर्यादा होती आणि ती बाबांनी घातलेली नव्हती: बॅच नेहमी मागच्या बॅचसारखीच यायला हवी. वेगळी आली तर ती फेल. वेगळी का आली हे विचारायला प्लांटमध्ये वेळ नसायचा, आणि ऑपरेटरने ते विचारावं अशी कुणाची अपेक्षाही नसायची.

हा सगळा पट्टाच तसा उभा राहिला. १९६८ मध्ये नोसिल कंपनीचा नॅफ्था क्रॅकर इथे सुरू झाला, मफतलाल आणि शेल यांच्या भागीदारीतून. तंत्र बाहेरून आलं, यंत्रं बाहेरून आली, माणसं आमची लागली. तिकडे रसायनीत हिंदुस्तान ऑरगॅनिक, इकडे पुढे तळोजा. आता क्रॅकर केव्हाच थंडावलाय, जुन्या कारखान्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्यात, पण रात्री वारा पडला की कोपरखैरण्यात लोक अजून खिडक्या लावून घेतात. कसला वास आहे हे विचारलं तर उत्तर एकच: कंपनीचा. एवढ्या केमिस्ट्रीच्या गावात कुठला रेणू नाकात शिरतोय हे सांगणारं कुणी नसावं, याचं मला कॉलेजात असल्यापासून वाईट वाटत आलं.

एम.एस्सी. झाल्यावर वर्गातल्या बहुतेकांनी महापे-तळोज्याला क्वालिटी कंट्रोलमध्ये नोकऱ्या धरल्या. मी नेट दिली. जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तेव्हा आईचा पहिला प्रश्न होता, ‘म्हणजे शिकायचे पैसे ते देणार?’ हो, ते देणार. २०२३ पासून महिन्याला ३७ हजार, दोन वर्षांनी ४२. कधी ते वेळेवर येतात, कधी तीन महिन्यांचे एकदम. त्या मधल्या महिन्यांत लॅबमधली मुलं एकमेकांना उसने देतात, आणि ज्याच्या घरून काहीच येत नाही तो गप्प होतो. एवढ्यानेच संशोधन सोडलेली हुशार मुलं मी पाहिली आहेत. त्यांचा विषय निघाला की आजही राग येतो.

माझा विषय कापडाचे रंग, म्हणजे अझो रंग. त्यांच्या रेणूच्या मध्यभागी नायट्रोजनचे दोन अणू दुहेरी बंधाने बांधलेले असतात आणि दोन्ही बाजूंना बेंझीनसारखी कडी. रंग दिसतो तो मुख्यतः या जोडणीमुळे. उन्हात विटू नये, धुण्यात उतरू नये म्हणून केमिस्टांनी पिढ्यान् पिढ्या हे रेणू चिवट केले. साडीवर असताना हा चिवटपणा गुण. तोच रंग सांडपाण्यात गेला की तो चिवटपणा अंगाशी येतो, कारण कापडावर न विटणारा रंग नाल्यातही सहजी विटत नाही.

यात आपल्याकडचा वारसा मोठा आहे. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग, आजची माटुंग्याची आयसीटी, १९३३ मध्ये सुरू झाला. के. व्यंकटरामन तिथले पहिले भारतीय संचालक, पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचेही. कृत्रिम रंगांच्या रसायनशास्त्रावरचे त्यांचे जाडजूड खंड जगभर वापरले गेले. हे खंड मी पहिल्यांदा हातात घेतले तेव्हा ऊर भरून आला होता. रंग कसा घडवायचा याची विद्या मुंबईत बसून लिहिली गेली. तो मोडायचा कसा, हा पुढचा प्रश्न आमच्या पिढीच्या वाट्याला आलाय.

मोडणं वरवर सोपं आहे. चंचुपात्रात गडद लाल पाणी घ्यायचं, सोडियम डायथायोनाइट टाकायचं, ढवळायचं. बघता बघता लाल फिका होतो, पिवळसर होतो आणि पाणी नितळ होतं. पहिल्यांदा पाहणारा प्रत्येक जण खूश होतो. सांडपाण्याच्या नियमात फक्त रंगाचा आकडा असता तर काम इथेच संपलं असतं.

आता त्याच नितळ पाण्यातला अर्क काढून त्याचा एक थेंब केशनळीने टीएलसी प्लेटच्या, म्हणजे मिश्रणातले रेणू वेगळे करणाऱ्या पट्टीच्या, तळाशी, पेन्सिलीच्या रेघेवर टेकवायचा. प्लेट सॉल्व्हेंटमध्ये उभी करायची. ओल हळूहळू वर चढते. बाहेर काढून वाळवली तर प्लेट कोरी, पांढरीशुभ्र. मग ती २५४ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली धरायची. हिरवी चमक येते आणि त्या हिरव्यात काळे ठिपके उमटतात: एक वर, दोन मध्ये चिकटून, एक तळाच्या रेघेवर ठाण मांडून. रंग गेला, रेणू कुठेच गेले नाहीत. मधला बंध तुटला आणि दोन बाजूंचे तुकडे ॲरोमॅटिक अमाइन होऊन पाण्यात राहिले. त्यांतले काही निरुपद्रवी, काही रंगापेक्षाही घातक. बेंझिडीन हे असंच एक अमाइन. रंगांच्या कारखान्यांतल्या कामगारांना मूत्राशयाचा कर्करोग झाला, तेव्हा जगाला ते कळलं. त्यावर आधारलेल्या रंगांवर आपल्याकडे बंदी आली ती १९९० च्या दशकात.

त्या प्लेटचा फोटो मी बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा वर सरकवून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, ‘आमच्याकडे पाणी पांढरं झालं की सोडायचो.’ मग थोड्या वेळाने, ‘हा खालचा कोण?’ इतकी वर्षं प्लांटमध्ये काढलेल्या माणसाला हा प्रश्न निवृत्तीनंतर विचारायला मिळाला. माझ्या गाइडनेही दुसऱ्या दिवशी तोच विचारला.

ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्यात निळी कुत्री फिरताना दिसली होती. कासाडी नदीत सोडलेल्या रंगाने ती निळी झाली, फोटो जगभर गेले, एका कारखान्याला प्रदूषण नियंत्रण मंडळाने टाळं लावलं. कुत्री धुतली, रंग निघाला, बातमी संपली. निळा रंग होता म्हणून निदान बातमी तरी झाली. बिनरंगी पाणी खाडीत गेलं तर कुणाचं कुत्रं निळं होणार नाही, फक्त दिवाळे गावच्या कोळ्याच्या जाळ्यात कमी मासळी येईल, आणि कशामुळे ते सिद्ध करायला त्याच्याकडे काही नसेल.

पीएच.डी.ला एवढी वर्षं कशाला, असं मला विचारतात तेव्हा मी या ठिपक्यांबद्दल सांगते. एकेक ठिपका वेगळा करायला सिलिकाचा कॉलम लावायचा, शेकडो टेस्ट ट्यूब भरायच्या, चिकटलेले दोन ठिपके पुन्हा पुन्हा सोडवायचे. मग नमुना बाहेर पाठवायचा आणि निकालाची वाट पाहायची, कारण लाखोंची यंत्रं प्रत्येक विभागात नसतात. आजकाल दबाव पेपरांच्या संख्येचा आहे, आणि ‘रंग ९५ टक्के गेला’ यावर पेपर लगेच निघतो. उरलेलं काय, याची ओळख पटवायला वर्ष जातं. मला हे वर्ष हवं आहे, आणि ते देणारा गाइड मिळाला हे माझं भाग्य.

हे भाग्य सगळ्यांच्या वाट्याला आलं नाही. दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण कमला, पुढच्या कमला सोहोनी, हिला १९३३ मध्ये बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत मुलगी म्हणून प्रवेश नाकारला होता. तिथले संचालक सी. व्ही. रामन यांच्यासमोर ती अडून बसली, अटी घालून घेतलं गेलं तर अटींवर शिकली, आणि १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. घेऊन दिल्लीत जीवरसायनशास्त्र शिकवायला परत आली. तिचे वडीलही केमिस्टच होते. आमच्या लॅबमध्ये आज मुली निम्म्याहून जास्त आहेत. रात्री उशिरा घणसोली स्टेशनवर उतरताना मला तिचं नाव हटकून आठवतं.

सिनॉप्सिस जूनमध्ये द्यायची आहे. चारपैकी दोन अमाइनची ओळख पटली, तिसऱ्याचं मास स्पेक्ट्रम कालच आलं. तळाच्या रेघेवरचा अजून हलत नाही. सोमवारी मिथेनॉल वाढवून बघणार आहे.