मलिद्याचं ताट

अलिबागला आमच्या शेजारी एक बेने इस्रायली जोडपं राहायचं. सर हिब्रूचे अभ्यासक, बाई मराठीच्या. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या 'शनवार तेल्यां'चे हे वंशज. नवस फेडताना मलिदा करीत : पोहे, गूळ, खोबरं, फळं, नाव एलियाहू नबींचं. अम्मा म्हणायची, "हे तर आपले हजरत इल्यास!"

१९६७च्या युद्धाच्या बातम्या ऐकून मी ते ताट दारातूनच परत पाठवलं. पुढल्या मलिद्याला बाईंनी पुन्हा पाठवलं, काही न बोलता.

सर वारले तेव्हा बहुतेक ज्यू घरं इस्रायलला गेलेली. कद्दिशला दहा पुरुष हवेत. पनवेल-मुंबईहून बिरादरी रातोरात आली. प्रार्थना त्यांनी म्हटली. खांदा मोहल्ल्यानेही दिला. बाईंची माफी मागायची मात्र राहूनच गेली.