भिंतीवरील माणसें

घरास रंग देण्याच्या निमित्तानें माजघराची भिंत रिकामी झाली आणि तिच्यावर पुनः कोणतीं छायाचित्रें लावावींत हें ठरविण्याचें काम चिरंजीवांनीं आमच्याकडे सोंपविलें. ट्रंकेंतून ३६ तसबिरी निघाल्या. जन्मभर उत्तरपत्रिका तपासलेल्या माणसास निवड करणें तें काय अवघड! आम्हीं एका सकाळींच सात उत्तीर्ण केल्या. त्यांत आमच्या निरोपसमारंभाच्याच तीन होत्या, ही गोष्ट सूनबाईनें दाखवून देईपर्यंत आमच्या ध्यानांत आली नाहीं.

"मामंजी, तुम्ही ज्यांच्याविषयीं नेहमीं सांगतां, त्या आत्याबाई यांत कोठें आहेत?" असें तिनें विचारलें.

आम्ही निरुत्तर झालों. आई गेल्यावर आम्हांस वाढविलें तें आत्यानें. परंतु ती बालविधवा. मंगलप्रसंगीं छायाचित्रास तिनें बसावयाचें नाहीं, हा आमच्या घरचा दंडक. शोधतां शोधतां १९६९ सालच्या आमच्या मुंजीच्या चित्रांत ती सांपडली. मंडळींच्या मागें, अर्धवट दाराआड, हातांत तांब्या. मान हलल्यामुळें चेहरा पुसट आला आहे.

पण चित्र कांचेस चिकटलेलें! कृष्णधवल छायाचित्रांत रूप्याचे कण जिलेटिनच्या थरांत असतात. कोंकणच्या पावसाळ्यांत तो थर ओल शोषून फुगतो आणि कांचेस बिलगतो. हें ज्ञान आम्हांस विलंबानें झालें. आदल्याच दिवशीं आजोबांचें चित्र आम्ही सुरीनें सोडवूं गेलों आणि त्यांची अर्धी पगडी कांचेवरच राहिली. आत्याचें तसें झालें असतें तर दुसरें चित्र कोठून आणणार होतों?

शेवटीं एका छायाचित्रकारानें कांचेवरूनच प्रतिकृति घेतली. मूळ चित्र कांचेसह कपाटांत ठेविलें. केवळ तिचा चेहरा मोठा करून पाहिला, तों नुसते ठिपके दिसूं लागले. म्हणून सारीच मंडळी लावली. कांच व चित्र यांच्यामध्यें जाड पुठ्ठ्याची चौकट घातली, तसबिरीमागें वारा खेळावा म्हणून बुचाचे तुकडे लावले आणि पावसाची झड बसणारी पश्चिमेची भिंत वर्ज्य केली. ऊनही टाळलें. आमच्या लग्नाचीं १९८७ सालचीं रंगीत छायाचित्रें खिडकीसमोर राहून अशीं तांबूस झालीं आहेत कीं शालू कोणता आणि शेला कोणता तें कळत नाहीं.

निरोपसमारंभाची एक तसबीर भिंतीवर राहिली, दोन ट्रंकेंत परत गेल्या. (खरें सांगावयाचें तर तिन्ही ठेवाव्या असेंच वाटत होतें.) नातू प्रत्येक येणाऱ्यास दाराआडची आकृति बोट टेंकवून दाखवितो, त्यामुळें तेवढी कांच रोज पुसावी लागते.