बांधावरची बाभूळ

मे महिन्यात बिलोलीच्या शिवारात काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मांजरेच्या पात्रात बघावं तिकडं वाळू. अशा दिवसांत बांधावरची बाभूळ हिरवी असते, शेंगांनी लगडलेली असते. शेंग हातात घेऊन बघावी: करडी, अंगावर मखमली लव, दर बीजाशी फुगलेली नि मध्ये चिमटलेली. शेळ्यांचा तिच्यावर फार जीव. राखोळ्यानं आकडीनं फांदी हलवायचा अवकाश, सगळा कळप झाडाखाली. शेळीच्या पोटातून आलेलं बी लवकर रुजतं, म्हणून लेंड्यांतलं बी पेरायला वेचतात.

नांगर बाभळीचा, बैलगाडीच्या चाकाचा तुंबा आणि आरे बाभळीचे. साल चामडं कमावायला, कोवळी काडी दात घासायला, डिंक बाळंतिणीच्या लाडवांत. काट्यांचं म्हणाल तर ते पांढरे, सरळ, जोडीजोडीनं येतात. पण सगळ्यात जास्त कोवळ्या झाडाला, ज्याला शेळीचं तोंड पोहोचतं. पोक्त झाडाला काटे कमी. विहिरीवर झुकलेल्या फांदीला सुगरण खोपा टांगते, ती या काट्यांच्या भरवशावर.

जवळच धर्माबाद तालुक्यात गोदावरीवर बाभळी बंधारा आहे. त्यातल्या २.७४ टीएमसी पाण्यासाठी दोन राज्यं सर्वोच्च न्यायालयात भांडली. २०१३च्या निकालानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर दारं उघडी असतात, भर पावसाचं पाणी खाली निघून जातं. पाण्यासाठी एवढा जीव टाकणाऱ्या मुलखात, मुळं खोल घालून आपलं पाणी आपण शोधणाऱ्या झाडाची कदर असायला हवी होती. ती राहिली नाही, याचं मला वाईट वाटतं.

ट्रॅक्टर आला, गाडी मोडली, बांध कोरले गेले. “सावलीत सोयाबीन येत नाही,” असं शेतकरी म्हणतो. डेरेदार बाभळीपुरतं ते खरंही आहे. शिवाय ओढ्याकाठी, गायरानात अमेरिकेतून आलेली वेडी बाभूळ माजली, आणि तिच्यावरचा राग गावरान बाभळीवरही निघतो. दोघींचं नाव एक, पण जात वेगळी. वेडी खुशाल काढा. आपल्या गावरान बाभळीतली रामकाठी मात्र पिकाला फारशी आड येत नाही. तिची मुळं जमिनीत नत्र धरतात. ओळखायलाही सोपी: फांद्या खराट्यासारख्या आभाळाकडं उभ्या. ती दिसली की कुऱ्हाड तिथंच थांबवा, मामा.